हौसाबाईंचा चढ

‘उतरा,’ मी म्हणालो. ‘नापास.’

बाई उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून तिनं विचारलं, ‘किती चुका झाल्या सायेब?’

‘तीन.’

‘कंच्या कंच्या?’

सकाळपासून मी एकोणीस जणांची परीक्षा घेतली होती. नापास झालेला माणूस एक तर गयावया करतो, नाही तर कुणाची तरी ओळख सांगतो, एवढं मला वर्षभरात कळलं होतं. चुका कुणी विचारत नाही.

‘आठचा आकडा काढताना डावीकडचं पिंप पाडलंत. गिअर टाकताना खाली बघितलंत. आणि चढावर गाडी मागे आली.’

तिनं अंगठ्यानं करंगळीची तीन पेरं मोजली. ‘पिंप, गिअर, चढ,’ असं स्वतःशीच म्हणाली. मग खाली उतरली, जीपशेजारी काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या आणि माझ्याकडे बघून हसली. ‘बरं झालं. मला वाटलं हुतं धा तरी असत्याल.’

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णव सालची. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मोटार वाहन निरीक्षक म्हणून पहिल्याच नेमणुकीवर आलो होतो. मूळचा पुण्याचा. जिल्ह्याच्या गावी एका लॉजच्या खोलीत राहत होतो आणि बदलीचे दोन अर्ज करून बसलो होतो. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी अकोले या तालुक्याच्या गावी परवान्यांचा कॅम्प असायचा. आमचे लिपिक वाकचौरे त्याच तालुक्यातले. ते कागद सांभाळायचे आणि मी गाडीत शेजारी बसून परीक्षा घ्यायचो.

गावाबाहेरच्या मैदानात चुन्याची फक्की टाकून आठचा आकडा आखलेला असे. कडेनं रिकामी पिंपं. मैदान संपलं की कालव्याकडे जाणारा एक कच्चा चढ होता. त्या चढाच्या मध्यावर मी गाडी थांबवायला सांगायचो, खाली उतरून मागच्या चाकाला लागून एक भरलेली काडेपेटी ठेवायचो आणि म्हणायचो, ‘आता उचला.’ गाडी मागे न येता पुढे गेली तर पास. पेटी चेमटली तर नापास. ही पद्धत मला एका जुन्या निरीक्षकानं शिकवली होती, आणि मी ती फार अभिमानानं वापरत असे. माझ्या हातून कुणी फुकट पास होत नाही, असा माझा लौकिक झाला होता.

त्या बाईचं नाव हौसाबाई देवराम भांगरे. वय एकेचाळीस, राहणार करवंदवाडी. अर्जावर मी नाव वाचलं तेव्हाच मान वर करून बघितलं होतं. परवान्यासाठी बाया येत, पण त्या स्कूटरसाठी, आणि बहुतेक शिक्षिका किंवा नर्स. ही काष्टा घातलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली बाई जुनी कमांडर जीप घेऊन आली होती. म्हणजे गाडी मैदानापर्यंत आणली होती तिच्या धाकट्या दिरानं. तो कारखान्यावर नोकरीला होता. एक दिवसाची रजा काढून यायचा, गाडी उभी करायचा आणि बाजारात निघून जायचा.

तिच्याबरोबर तिचा नवराही आला होता. पांढरा सदरा, टोपी, काटक बांधा. चढाच्या पायथ्याशी एक दगडी कठडा होता, त्यावर तो बसला होता. बायको परीक्षा देत होती आणि हा तोंड दुसरीकडे करून शेतांकडे बघत होता. परीक्षा संपल्यावर ती त्याच्याजवळ गेली, काहीतरी बोलली. मला लांबून एवढंच दिसलं, की ती करंगळीची पेरं मोजत बोलते आहे आणि तो मान हलवतो आहे.

‘पुन्हा काही यायची नाही ही,’ मी वाकचौऱ्यांना म्हणालो.

‘सांगता येत नाही साहेब,’ वाकचौरे म्हणाले.

पुढच्या महिन्यात ती रांगेत पहिली होती.

‘पिंप न्हाई पडनार आज,’ तिनं मला आल्याआल्या सांगितलं. आणि खरोखरच पडलं नाही. आठचा आकडा तिनं सावकाश, पण नीट काढला. गिअर मात्र दोनदा खाली बघून टाकला आणि चढावर गाडी वीतभर मागे आली.

‘नापास.’

‘पन पिंप न्हाई पडलं.’

‘नाही पडलं.’

‘मग आता दोनच राहिलं,’ ती म्हणाली आणि चपला घालून कठड्याकडे गेली.

तिसऱ्या वेळी डिसेंबर होता. गर्दी जास्त होती. तिचा नंबर येईपर्यंत बरीच माणसं तिला ओळखायला लागली होती. चढावर तिची गाडी बंद पडली, चालू केली, पुन्हा मागे आली. खाली उभ्या असलेल्यांपैकी एक ट्रॅक्टरवाला मोठ्यानं म्हणाला, ‘अहो मावशी, घरी जाऊन भाकरी थापा! कशाला आमचा वेळ घेता?’

लोक हसले. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. ती खाली उतरली, पदर खोचला आणि त्याच्याकडे वळली.

‘भाकर बी पयल्या दिशी करपलीच हुती की रं बाबा,’ ती म्हणाली. ‘मग काय तवा फेकून दिला व्हय? तू यील ना कधी वाडीला, तवा खाऊन बघ आता कशी व्हती ती.’

आता लोक ट्रॅक्टरवाल्याला हसले. तोही हसला. गंमत अशी, की त्याचा नंबर आला तेव्हा आठच्या आकड्यात त्यानं दोन पिंपं पाडली, आणि त्याच्याजवळ जाऊन ‘घाबरू नगंस, पुढच्या खेपंला व्हईल’ असं सांगणारी हीच बाई होती.

मला तिचं हे हसणं आवडत नव्हतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी नापास म्हणायचो आणि ती काय काय जमलं ते मला सांगायची. जणू आम्ही दोघं एकाच बाजूला होतो आणि तो चढ तेवढा दुसऱ्या बाजूला. चौथ्या खेपेला ती खाली न बघता गिअर टाकायला शिकून आली. ‘बघितलं का सायेब, नजर रस्त्यावर हुती,’ असं तिनं गाडीतच विचारलं. आणि मग चढावर पेटी सपाट झाली.

त्या दिवशी मी जरा चिडूनच म्हणालो, ‘बाई, तुमच्या मालकांना येते ना गाडी चालवायला?’

‘येती की. अकरा वरसं चालवली त्येंनी.’

‘मग त्यांना चालवू द्या. तुम्ही कशाला एवढा त्रास करून घेता?’

‘त्येंना येती म्हनूनच तर मी शिकतीय,’ ती म्हणाली.

मला या उत्तराचा अर्थ लागला नाही आणि मी तो विचारलाही नाही. मी कठड्याकडे बघितलं. तो माणूस नेहमीसारखा तोंड फिरवून बसला होता. गाडी येते, धडधाकट आहे, आणि बायकोला इथं लोकांसमोर हसं करून घ्यायला पाठवतो. असले नवरे मी पाहिले होते. बायकोनं दूध घालायचं, बायकोनं शेत करायचं, आता गाडीही बायकोनं चालवायची आणि यानं कठड्यावर बसायचं. त्या माणसाबद्दल माझं मत पक्कं झालं.

फेब्रुवारीतही ती नापास झाली. शिवाय तिच्या शिकाऊ परवान्याची सहा महिन्यांची मुदत आता संपत होती. म्हणजे तो पुन्हा काढायचा, खुणांची तोंडी परीक्षा पुन्हा द्यायची. हे मी तिला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच ती हसली नाही. चपला पायात न घालता हातातच घेतल्या. मला वाटलं, संपलं.

‘त्या खुना मला अजून पाठ हायेत,’ ती म्हणाली. ‘इचारा की.’

‘आज नाही. अर्ज करा, मग.’

‘करते,’ ती म्हणाली.

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी मी मैदानावर पोचलो तेव्हा जीप उभी होती. हौसाबाई वाकचौऱ्यांच्या टेबलाशी नवा कागद घेऊन थांबली होती. परीक्षा सुरू व्हायला अर्धा तास होता. नवरा एकटाच कठड्यावर बसलेला दिसला, तसंच शेतांकडे तोंड करून. मी ठरवलं, आज याला चार शब्द सुनावायचेच. सरळ चालत त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. अंगावर खाकी गणवेश होता. समोरचा माणूस उठून उभा राहील अशी माझी अपेक्षा होती.

तो उठला नाही. मान थोडी तिरकी केली. ‘सायेब का?’ त्यानं विचारलं. ‘बूट वाजलं म्हनून म्हनलं.’

‘भांगरे, तुमची बायको सहा महिने इथं परीक्षा देते आहे. तुम्ही तोंड फिरवून बसता. बघवत नाही का तुम्हाला?’

तो आवाजाच्या दिशेनं वळला. त्याचे डोळे उघडे होते, पण ते माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते.

‘बघवत न्हाई असं न्हाई सायेब,’ तो म्हणाला. ‘दिसतच न्हाई मला. उजव्या कानानं जरा बरं ऐकू येतं, म्हनून तो चढाकडं करून बसतो.’

तो जरा सरकला आणि कठड्यावर हात थोपटून म्हणाला, ‘बसा की.’

मी बसलो.

‘काचबिंदू,’ तो म्हणाला. ‘कडंकडंनं दिसायचं कमी व्हत गेलं. मला वाटलं, वय झालं. मंग एक दिस वळनावर सरपनाची मोळी घेतलेली एक बाई मला दिसलीच न्हाई. ती वरडली म्हनून बिरेक मारला. हातभर अंतर हुतं. कुनाला काय झालं न्हाई. पन मी तितंच गाडी हुबी केली, चालत घरी गेलो आन् किल्ली हिच्या हातात दिली. म्हनलं, आता मला दिऊ नगंस. नाशकाला डाक्टरांनी सांगितलं, गेलं ते काय परत यायचं न्हाई. उरलं हुतं ते बी गेलं मागल्या वरसाला.’

हे सगळं तो दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होता.

‘आमच्या वाडीत तेवढीच गाडी. सकाळचं दूध खाली डेअरीला मीच न्यायचो, आन् वरच्या दोन वाड्यांच्या पोरी त्याच गाडीत शाळंला जायच्या. खाली सात किलोमीटरवर हायस्कूल हाय. गाडी थांबली तशी पोरींची शाळा बी थांबली. एवढ्या घाटात कोन चालत धाडनार पोरींना? दुसरा डायव्हर बघितला, तो आला तर आला. दोन महिनं ह्ये असं चाललं. मंग एक दिस ही जीपवरचं कापड झाडत हुती, आन् म्हनली, गाडी हाय, रस्ता हाय, चालवायची कशी ते तुमाला ठावं हाय. डोळंच तेवढं न्हाईत ना? ते माझं घ्या.’

‘पण मग यांना शिकवलं कुणी?’ माझ्यातला निरीक्षक जागा झाला. ‘तुम्ही? रस्त्यावर? शेजारी परवाना असलेला माणूस लागतो, आणि तो डोळस लागतो!’

‘रस्त्यावर न्हाई सायेब, शप्पत. रस्त्यावर येतानं धाकला भाऊ असतोय. शिकवनी आमच्या वावरात. पडीक वावर हाय एक.’

‘आणि चढ?’

तो पहिल्यांदाच हसला. ‘चढच न्हवता ना वावरात. म्हनून तर चार खेपा गेल्या. मंग जानेवारीपासनं आमी केला. हिनं माती खनायची, मी पाट्या वाहायच्या. दोरी बांधली हुती मला, तिला धरून जायचं, वतायचं, माघारी यायचं. वीस पावलांचा झालाय आता. पयल्यांदा भुसभुशीत हुता, चाक रुतायचं. मंग पानी मारून चोपून काढला. कालच्याला तीस येळा गाडी उचलली तिनं त्याच्यावर.’

‘पण तुम्हाला दिसत नाही, तर शिकवता कसं?’

‘आवाजानं. क्लच सोडत आनला की इंजिनाचा आवाज खाली बसतो. जात्यात दानं पडलं की जात्याचा आवाज कसा बदलतो, तसा. हिला म्हनलं, तू वीस वरसं दळलंयस, मला नगं सांगूस की कळत न्हाई. त्यो आवाज आला की हँडब्रेक सोडायचा. आधी सोडला की गाडी मागं. हिची घाई व्हती तिथं. लोकं बघत्यात म्हनून.’

वाकचौऱ्यांनी हाक मारली. मी उठलो. चालताना मी मनात ठरवून टाकलं होतं, की आज काहीही होवो, या बाईला पास करायचं. आणि खोटं कशाला सांगू, हौसाबाई स्टिअरिंगवर बसण्याआधीच मी फॉर्मवर ‘उत्तीर्ण’ असं लिहून ठेवलं.

आठचा आकडा सुरेख आला. गिअर पडले ते तर मला कळलेही नाहीत. चढाच्या मध्यावर तिनं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. मी उतरून काडेपेटी ठेवली आणि बाजूला उभा राहिलो.

‘उचला.’

इंजिनाचा आवाज वाढला. मी लक्ष देऊन ऐकत होतो. आवाज किंचित खाली बसला, आणि त्याच क्षणी खाली कुणीतरी मोटारसायकलचा हॉर्न वाजवला. जीप कणभर मागे सरली आणि मग पुढे निघाली. वर जाऊन थांबली.

मी वाकून पेटी उचलली. तिचं एक टोक दबलं होतं. बाकी पेटी शाबूत होती. मी ती खिशात टाकली आणि वर गेलो.

‘झालं,’ मी म्हणालो. ‘पास.’

खालून टाळ्या वाजल्या. वाकचौरे हात वर करून उभे होते. हौसाबाई मात्र हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे.

‘पेटी दावा सायेब.’

‘कशाला? पास झालात तुम्ही.’

‘दावा की.’

मी पेटी काढून तिच्या हातावर ठेवली. ते दबलेलं टोक तिनं बोटानं चाचपलं.

‘आली मागं,’ ती म्हणाली.

‘जराशी. एवढं चालतं.’

‘ट्रॅक्टरवाल्याला चाललं हुतं का?’

ट्रॅक्टरवाल्याला मी एवढ्याचसाठी जानेवारीत नापास केलं होतं.

‘सायेब, तुमी आमच्या मालकांसंगं बसला हुता,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘त्येंनी सांगितलं आसंल सगळं. म्हनून पास केलं. व्हय ना?’

‘हौसाबाई, तुम्ही सहा महिने येताय...’

‘आमच्या घाटात तिसऱ्या वळनाला असाच चढ हाय. खाली वढा हाय, दोन पुरुस खोल. तितं थांबून पोरी घ्याव्या लागत्यात. त्या बसल्या की गाडी उचलायची.’ तिनं पेटी माझ्या हातात परत दिली. ‘तितं हॉर्न वाजला तर मी काय करू? आज जरा म्हनता, तितं जरा न्हाई चालत. ते लिवलंय ना तुमी कागदावर, ते खोडा.’

‘अहो, पुन्हा महिनाभर थांबावं लागेल. दिराला रजा काढावी लागेल.’

‘काढंल. तुमी खोडा.’

मी बोनेटवर कागद ठेवून ‘उत्तीर्ण’ या शब्दावर रेघ मारली, वर ‘अनुत्तीर्ण’ असं लिहिलं आणि बाजूला सही केली. ती शेजारी उभी राहून बघत होती. रेघ नीट पडली आहे याची खात्री झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू आलं.

‘आता फकस्त हॉर्नाचंच राहिलं,’ ती म्हणाली.

आम्ही खाली आलो. देवराम कठड्यावरून उठून उभा राहिला होता. कुणी काही सांगायच्या आत तो म्हणाला, ‘हॉर्नानं दचकलीस.’

‘व्हय.’

‘हँडब्रेक आधीच सोडलास. दोन बोटं तरी मागं आली आसंल.’

‘दोनच आली. खोडायला लावलं म्या.’

‘बरं केलंस,’ देवराम म्हणाला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून जीपकडे चालू लागला.

तिसरा बदलीचा अर्ज मी त्या आठवड्यात टाइप करून ठेवला होता. तो पाठवायचा राहून गेला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

एप्रिलमध्ये ऊन कडक होतं. सहसा परीक्षा झालेली माणसं लगेच घरी जातात, पण त्या दिवशी कुणी गेलं नाही. ट्रॅक्टरवाला त्याचा परवाना फेब्रुवारीतच मिळालेला असूनही मुद्दाम आला होता. हौसाबाईनं मैदानावर आल्याआल्या त्याला बाजूला घेतलं आणि काहीतरी सांगितलं. तो आधी नाही नाही म्हणत होता, मग त्यानं मान डोलावली.

ती चढाच्या मध्यावर थांबली. मी पेटी ठेवली. ‘उचला’ म्हणालो. इंजिनाचा आवाज वर गेला, आणि अगदी मोक्याच्या क्षणी खालून ट्रॅक्टरवाल्यानं कर्कश हॉर्न वाजवला. एकदा नाही, चांगला तीनदा. मी दचकलो. जीप दचकली नाही. आवाज खाली बसला, अगदी जात्यात दाणे पडावेत तसा. क्षणभर गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली आणि मग पुढे निघाली.

पेटी ठेवली तशीच होती.

मी धावतच वर गेलो. ‘पास!’ मी ओरडलो. ‘हौसाबाई, पास! ही बघा पेटी!’

तिनं पेटी बघितली. कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

‘आनखी दोनदा करते,’ ती म्हणाली.

‘आता कशाला?’

‘एकदा नशिबानं बी व्हतं सायेब. मला जमलंय का, ते बघायचंय.’

तिनं आणखी दोनदा केलं. ट्रॅक्टरवाल्यानं दोन्ही वेळा हॉर्न वाजवला. दोन्ही वेळा पेटी शाबूत राहिली. मग ती खाली उतरली, चपला न घालताच नवऱ्याकडे चालत गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. देवरामनं टोपी काढली, पुन्हा डोक्यावर घातली आणि म्हणाला, ‘ऐकलं म्या. तिन्ही येळा ऐकलं.’ तेव्हा मात्र ती कठड्यावर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. आम्ही सगळे उगीचच इकडे तिकडे बघत राहिलो.

गाडीतून भाड्यानं माणसं न्यायला लागतो तो बॅज परवान्याला वर्ष झाल्यावर मिळतो. तोही तिनं काढला, पहिल्याच खेपेला. तोपर्यंत ती एकटीच घरचं दूध घेऊन खाली जात असे. पोरी जीपमध्ये बसू लागल्या तेव्हा माझी बदली झाली होती. वाकचौऱ्यांनी पत्र लिहून कळवलं : वरच्या वाड्यांमधल्या अकरा मुली पुन्हा शाळेत जायला लागल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांतली एक अकोल्यातच शिक्षिका झाल्याचंही त्यांनीच सांगितलं. त्या घाटात तिची गाडी कधी मागे आल्याचं कुणी मला सांगितलं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या एप्रिलनंतर परवाना तयार झाला तेव्हा तो पोस्टानं पाठवायचा सोडून मी एका रविवारी स्वतःच घेऊन गेलो. एस्टी फाट्यापर्यंतच जायची. पुढे घाट चालत चढलो. तिसरं वळण बघितलं, खालचा ओढाही बघितला. वाडीत पोचलो तेव्हा दुपार होती. देवराम ओसरीत दोरी वळत बसला होता. हौसाबाई विहिरीवर गेली होती. घरामागच्या पडीक वावरात तो मातीचा चढ होता, चोपून घट्ट केलेला, त्यावर चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या.

मी परवाना देवरामच्या हातात दिला. छोटंसं पुस्तक होतं. त्यानं ते उघडलं, मिटलं, नाकाशी नेऊन कागदाचा वास घेतला आणि मग प्रत्येक पानावरून सावकाश बोटं फिरवली. एका जागी बोट थांबलं.

‘ह्यो फोटू का?’

‘हो.’

‘कसा आलाय?’

मी त्याच्या शेजारी बसलो आणि फोटो नीट बघितला. मी असे हजारो फोटो बघत असे. तालुक्याच्या स्टुडिओत माणसं ताठ बसतात आणि सगळ्यांचे चेहरे पोलिसांनी धरल्यासारखे येतात.

‘डोक्यावरून पदर घेतलाय,’ मी सांगू लागलो. ‘कुंकू मोठं लावलंय. डोळे अगदी समोर. ओठ घट्ट मिटलेत, पण एका बाजूनं हसू फुटायला आलंय. कुणी तरी हसू नका म्हणून बजावलं असावं आणि ते दाबताना पंचाईत झाली असावी, असं दिसतंय.’

देवराम मोठ्यानं हसला.

‘म्याच बजावलं हुतं,’ तो म्हणाला. ‘सरकारी कागद हाय, फोटूत हसू नगंस म्हनलं. घरी दोन दिस सराव बी केला.’ त्यानं फोटोवरचं बोट काढलं नाही. ‘गाडी जमली सायेब तिला. ह्ये काय जमलं न्हाई.’